काकाकुवा माशाची अंडी तिसऱ्यांदा गेली, कुठे चुकतंय?

तिसरा_मजला | सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. इथले धागे बरेच वाचतो, काढतोय पहिल्यांदाच. सांभाळून घ्या.

बावधनला फ्लॅटमध्ये दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी आहे. काठोकाठ ५४ लिटर, वाळू-दगड वजा करून पंचेचाळीस धरा. त्यात 'एपिस्टोग्रामा काकाटुऑइडिस'ची जोडी आहे. दुकानदार 'काकाटू एपिस्टो' म्हणतो. आमची आई काकाकुवा म्हणते आणि तिचंच बरोबर आहे, कारण नर चिडला की पाठीवरच्या पराचे पुढचे काटे रागावलेल्या काकाकुव्याच्या तुऱ्यासारखे उभे राहतात. नर तीन इंचाला जरा कमी, मादी दोन इंच. बाकी मंडळी म्हणजे आठ एम्बर टेट्रा आणि शेवाळ खायला एक सकर, पाचेक इंची. स्पंज फिल्टर, ५० वॅटचा हीटर, जावा मॉस, आणि गुहा म्हणून नारळाची अर्धी करवंटी पालथी घालून कडेला एक खाच पाडलेली.

आता रडगाणं.

पहिली खेप फेब्रुवारीच्या शेवटी. मादी एका रात्रीत हळदीत बुडवून काढल्यासारखी पिवळीजर्द झाली, अंगावर काळे ठिपके, आणि तिच्यापेक्षा मोठ्या नराला टाकीभर पिटाळू लागली. आरसा सरकवून पाहिलं तर करवंटीच्या छताला साठेक लालसर अंडी. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही नाही. करवंटी थोडी सरकली होती, मला वाटलं वाळू खचली असेल.

दुसरी खेप मार्चच्या मध्यावर. यावेळी अंडी फुटली, शेपट्या वळवळताना दिसल्या. रोज रात्री उठून मोबाईलचा टॉर्च मारून बघत होतो. तिसऱ्या रात्री सगळं साफ.

तिसरी खेप गेल्या आठवड्यात. दुसऱ्या दिवशी अर्ध्याहून जास्त अंडी पांढरी पडली, कापूस धरल्यासारखी. घाबरून टाकीत निळं औषध ओतलं. आता पाणी निळं, मॉस निळं, कडेचं सिलिकॉन निळं. अंडी गेलीच.

दुकानदार म्हणतो नर बदला. बदलू का?

---

खवचट_खारूताई | सोमवार, रात्री ११:३२

तीनदा अंडी घातली म्हणजे बाई तुमच्यापेक्षा चिकाटीची आहे. नर नको, मालक बदला. हलकेच घ्या.

---

अण्णा_दादर | मंगळवार, सकाळी ६:५०

नर ठेवा. दुकानदाराला नवा नर विकायचा आहे, एवढाच त्या सल्ल्याचा अर्थ.

तुमच्या तीन खेपांचं कारण एक नाही. तीन वेगळ्या चोऱ्या आहेत आणि तुम्ही एकच चोर शोधताय. आधी तीन प्रश्नांची उत्तरं द्या.

१. टाकीत पाणी कुठलं घालता? नळाचं, बोअरचं, की टँकरचं? पंप रूमवाल्याला नाही, घरात विचारा की गेल्या पंधरा दिवसांत तूरडाळीला शिट्ट्या जास्त लागतायत का.

२. सकर रात्री कुठे बसतो?

३. टाकीवरचा दिवा कसा बंद होतो? एकदम अंधार पडतो, की खोलीतला उजेड नंतरही थोडा वेळ राहतो?

---

डॉ_गुरंढोरं | मंगळवार, सकाळी ९:१५

पेशाने गुरांचा डॉक्टर, हौसेने मासेवाला. निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. अंड्यांवरच्या बुरशीला ते चालतं, पण अंडी वेगळ्या भांड्यात काढून तिथे. चालू टाकीत ओतलंत की फिल्टरमधल्या जिवाणूंवर बेतू शकतं. माशांच्या लघवी-विष्ठेतून येणारा अमोनिया तेच पचवतात, आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ते मेले तर चार दिवसांनी मासे वर येऊन तोंडं उघडू लागतील आणि तुम्ही आणखी एक बाटली आणाल.

आज तिसरा हिस्सा पाणी बदला. परवा पुन्हा. खायला अगदी चिमूटभर. अमोनियाचं किट असेल तर रोज बघा.

आणि बुरशी हा रोग नव्हे, हे लक्षात घ्या. आधी अंडं मरतं किंवा फळतच नाही, मग त्यावर बुरशी बसते. शिळ्या भाकरीवर बसते तशी.

---

स्नेहल९२ | मंगळवार, सकाळी ११:०५

किती गोड! फोटो टाका ना. मलाही हवेत. माझ्याकडे एक फुटी बाऊल आहे, दोन गोल्डफिश आहेत. त्यांच्यात चालतील का?

---

खवचट_खारूताई | मंगळवार, सकाळी ११:०९

ताई, त्या बाऊलमध्ये ते दोन गोल्डफिशसुद्धा चालत नाहीत, फक्त ते बोलत नाहीत.

---

तिसरा_मजला | मंगळवार, रात्री १०:२०

अण्णा, तुम्हाला दंडवत. डाळीचं आईला विचारलं तर तिने स्वयंपाकघरातूनच सुनावलं की आठ दिवस झाले, तीनच्या जागी पाच शिट्ट्या करते आहे आणि मी 'कुकरची रिंग बदल' म्हणून सांगत होतो.

मी सोसायटीच्या कमिटीवर आहे, त्यामुळे गेटवरचं टँकरचं रजिस्टर काढलं. पहिला टँकर आला त्या गुरुवारी. मी टाकीचं पाणी बदललं शनिवारी. अंडी रविवारी घातली, सोमवारी पांढरी. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो) होता घरात, आरओवाल्याने दिलेला, कधी वापरला नव्हता. महापालिकेचं जे पाणी एका पिंपात साठवून ठेवलं होतं ते ८८ दाखवतंय. आजचं नळाचं ६१०. टाकी ३४०.

सकर दिवसा फिल्टरमागे असतो. रात्री माहीत नाही.

दिवा टायमरवर आहे. दहाला खटकन बंद.

---

अण्णा_दादर | बुधवार, सकाळी ७:०५

बसलं सगळं जागेवर. आता सविस्तर लिहितो, चहा झाला आहे.

हे मासे कुठले ते आधी बघा. एपिस्टोच्या सगळ्या जाती दक्षिण अमेरिकेतल्या. बहुतेक ॲमेझॉन, ओरिनोको आणि त्यांना मिळणाऱ्या ओढ्यांतल्या. काठावर गुडघाभर पाणी, तळाला कुजक्या पानांचा वीतभर थर, आणि त्या पानांत हे राहतात. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. पावसाचं पाणी पानांतून गाळून आलेलं, कोऱ्या चहाच्या रंगाचं. तुमचा काकाकुवा पेरूकडचा. सगळ्या एपिस्टोंत हा सोशिक, जड पाण्यातही जगतो, म्हणूनच नवशिक्याला हाच घ्या म्हणतात. पण जगणं वेगळं आणि अंडी फळणं वेगळं. त्यात तुम्ही अंडी घालायच्या आदल्या दिवशी पाणी अठ्ठ्याऐंशीवरून साडेतीनशेवर नेलंत. तिसरी चोरी टँकरची.

मुंबई-पुण्याच्या लोकांना आपल्याकडे काय आहे ते कळत नाही. भातसा-तानसा-वैतरणा असो नाहीतर खडकवासला, पावसाचं पाणी धरणात साठतं आणि नळाला येतं. मऊ पाणी. ह्या माशांना याहून चांगलं काय हवं? क्लोरीन तेवढा काढायचा, एक दिवस बादलीत ठेवून किंवा हायपोचे दोन खडे टाकून. उलट बोअरचं पाणी काळ्या कातळातून झिरपत येतं, वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियम उचलत. हेच जड पाणी, आणि यातच डाळ लवकर शिजत नाही. टँकर बहुधा कुठल्यातरी विहिरीवर नाहीतर बोअरवर भरलेला असतो.

उपाय सोपा आहे. घरात आरओ आहे म्हणालात. त्याचं पिण्याचं पाणी मोजा, तीस-चाळीस असेल. चार भाग ते आणि एक भाग टँकरचं. (४×३० + ६१०) भागिले ५, म्हणजे साधारण १४५. झालं काम. नुसतं आरओचं घालू नका. त्यात क्षार इतके कमी की पीएच (पाण्याचा आंबटपणा) सावरून धरायला काही उरत नाही, एखाद्या रात्रीत घसरतो. आणि आरओच्या दुसऱ्या नळीतून जे वाया जातं ते टाकीत घालायचा मोह नको. त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. त्याने फरशी पुसा.

पहिली चोरी सकरची. करवंटी सरकली होती हे तुम्हीच लिहिलंय. पाच इंची सकर करवंटीत शिरत नाही, खांद्याने उलथवतो. रात्री एपिस्टोला दिसत नाही, सकरला दिसायची गरज नसते, तो मिशांनी चालतो. सकाळपर्यंत थाळी चाटूनपुसून स्वच्छ. तो 'शेवाळ खातो' ही अफवा आहे. लहानपणी खातो, नंतर जे मिळेल ते. वाढून दीड फूट होतो, तेव्हा तुमच्या टाकीत त्याला वळताही येणार नाही.

दुसरी चोरी तुमची स्वतःची. अंधारात अचानक टॉर्च मारला की मादीला वाटतं घरावर दरोडा पडला. वाचवता येत नसेल तर खाऊन टाकते, निदान पोटात तरी जातील. पुढच्या वेळी झोपा. आणि दिवा खटकन नको: टाकीचा आधी, खोलीचा मागून बंद करा, म्हणजे अंधार एकदम पडणार नाही.

---

तिसरा_मजला | बुधवार, सकाळी ८:४०

टॉर्चबद्दल कान पकडले. सकर आमचे शेजारी म्हणतात पाषाण तलावात सोडून द्या, पुण्य लागेल.

---

डॉ_गुरंढोरं | बुधवार, सकाळी ८:५५

अजिबात नाही!! एका ओळीत दोन उद्गारचिन्हं मी सहसा देत नाही.

सकरसुद्धा दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे बऱ्याच राज्यांतल्या तळ्या-नद्यांत असेच 'पुण्य' म्हणून सोडलेले सकर माजलेत. काठाच्या मातीत बिळं करतात, मासेमाऱ्यांची जाळी फाडतात, त्यांना कुणी खात नाही. तिलापिया १९५२ मध्ये मुद्दाम आणला होता आपल्या देशात, तो अजून निस्तरतोय. दुकानात परत द्या, फुकट द्या, पण तलावात नाही.

---

रेवती_म्युनिक | बुधवार, दुपारी ४:१०

अण्णांच्या नळाच्या पाण्याच्या मुद्द्याला +१००. इथे म्युनिकच्या नळाचं पाणी पिऊन बघा, आल्प्सचा चुना पितोय असं वाटतं. चहाच्या किटलीत महिन्याभरात पांढरी पुटं. मी एपिस्टो ठेवते ते केवळ आरओवर आणि बाल्कनीत धरलेल्या पावसाच्या पाण्यावर. क्लबातल्या एका आजोबांना मी सांगितलं की मुंबईला माझ्या माहेरी नळाला थेट मऊ पाणी येतं, तर ते म्हणाले मग तू इथे का आलीस?

शिवाय ते लोक बदामाची पानं विकत घेतात. दहा पानांचं पाकीट, प्लॅस्टिकमध्ये सील केलेलं. आपला देशी बदाम! पार्ल्याला आमच्या गल्लीत डिसेंबर-जानेवारीत लालभडक होऊन त्यांचा सडा पडायचा आणि सफाईवाल्या मावशी ढीग करून जाळायच्या. मी आता आईला सांगून कुरिअरने मागवते. आईला वाटतं लेकीचं डोकं फिरलंय.

---

अण्णा_दादर | बुधवार, सायंकाळी ५:३०

रेवती, आईंना सांग डोकं ठिकाणावर आहे.

तिसरा मजला, ही पानं तुम्हीही घाला. झाडावरून आपणहून गळलेलं, वाळून तपकिरी झालेलं पान. हिरवं तोडू नये. रहदारीच्या रस्त्यावरचं नको, फवारणीच्या बागेतलं नको. धुवायचं, एक दिवस पाण्यात भिजवायचं, मग टाकीत. तुमच्या टाकीला दोन-तीन पानं पुरेत. पाण्याला चहाचा रंग येतो, त्यातला टॅनिन बुरशीला थोडा आवर घालतो, आणि पान कुजू लागलं की त्यावर सूक्ष्म जीव वाढतात. पिल्लांना पहिल्या दिवसांत तोच चारा. पण पान टाकल्याने जड पाणी मऊ होत नाही. हा गैरसमज सगळीकडे आहे म्हणून लिहिलं.

करवंटीची खाच केवढी आहे? मादी जेमतेम शिरेल एवढीच हवी. नर आत जाता कामा नये.

---

पाणथळ | बुधवार, रात्री ९:००

अवांतर आहे, पण राहवत नाही. नोकरीनिमित्त कोचीला असतो. सगळे ॲमेझॉन-ॲमेझॉन करतायत म्हणून आठवण. एपिस्टो ज्या सिक्लिड घराण्यातले, त्याच घराण्याचे तीन मासे आपल्या देशातलेही आहेत. मोठा तो करीमीन, गोव्यात ज्याला कालुंदर म्हणतात. केरळचा राज्यमासा आहे, इथे केळीच्या पानात गुंडाळून भाजतात आणि पाहुणा आला की त्याच्यापुढे ठेवतात. कॅनरा भागातला दुसरा, दुर्मीळ. आणि तिसरा छोटा, नारिंगी, तीनेक इंची. इथे त्याला पल्लत्ती म्हणतात.

हा पल्लत्ती मजेशीर प्राणी आहे. मोठ्या करीमीनच्या अंगावरचे परजीवी टिपून त्याला स्वच्छ करतो, आणि संधी मिळाली की त्याचीच अंडी पळवतो. त्याची स्वतःची पिल्लं आई-बापाच्या अंगाला चिकटून त्यांच्या कातडीवरचा बुळबुळीत थर खातात, दूध पिल्यासारखी. खाडीच्या पाण्यात राहतो, जड पाण्याचं त्याला काही नाही. टँकरवाल्यांनी खरं तर हा पाळावा.

---

प्रशासक | बुधवार, रात्री ९:२०

करीमीन भाजण्याच्या पाककृतीसाठी कृपया पाककला विभागात नवा धागा काढावा. चार प्रतिसाद हलवले आहेत.

---

खवचट_खारूताई | बुधवार, रात्री ९:२४

प्रतिसाद काढून टाकला आहे. (केळीच्या पानाची मापं विचारत होते.)

---

निलाक्ष | गुरुवार, दुपारी १:१५

धागालेखकांनी कधी रॅम (एपिस्टोच्या नात्यातला छोटा निळा मासा) ठेवले असतील तर त्यांचं काय झालं ते वाचायला आवडेल. माझेही गेले. दोनदा. दुकानात झगझगीत निळे, घरी आणले की आठ दिवसांत काळवंडतात, कोपऱ्यात तोंड लावून उभे राहतात, मग पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा, मग संपले.

---

तिसरा_मजला | गुरुवार, रात्री १०:०५

माझ्या रॅमचा उल्लेख मी मुद्दाम टाळला होता, पण निलाक्ष, अगदी हेच. चार आणले, पंचेचाळीस दिवसांत चारही गेले. दुकानदार त्यांना 'ब्लू राम' म्हणायचा, शेवटचा गेला तेव्हा आई खरंच हात जोडून 'राम म्हणाला' म्हणाली.

---

डॉ_गुरंढोरं | शुक्रवार, सकाळी ९:४०

रामाचा संबंध नाही आणि मेंढ्याचाही नाही. व्हेनेझुएलात हा मासा गोळा करणारा मानुएल रामिरेझ, त्याच्या नावावरून 'रामिरेझी'. १९४८ मध्ये नाव दिलं गेलं तेव्हा त्याला एपिस्टोग्रामातच धरत होते, नंतर वेगळा काढला.

निलाक्ष, दोन गोष्टी. एक म्हणजे ऊब. हा ओरिनोकोच्या गवताळ सपाट प्रदेशातला, तिथलं उथळ पाणी उन्हात तापतं. त्याला २८-२९ अंश लागतात. २४ वर ठेवला तर जगतो, पण आजारी माणसासारखा जगतो. दुसरं, पांढरी दोरी म्हणजे बहुधा आतड्यातले सूक्ष्म परजीवी. मेट्रोनिडॅझोल चालतं, पाण्यात द्यायचं तर साधारण चाळीस लिटरला २५० मिलिग्रॅम, पण शक्यतो खाण्यातून, कारण मासा खातोय तोवरच उपाय आहे. आधी कुणाला तरी जाणकाराला दाखवून. नव्या माशाला तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवलंत तर यातलं निम्मं टळेल. कुणी ठेवत नाही. मीही पहिली दहा वर्षं ठेवत नव्हतो.

पहिल्यांदाच रॅम हवा असेल तर बोलिव्हियन रॅम घ्या. रंगाला फिका, स्वभावाला घट्ट.

---

स्नेहल९२ | शुक्रवार, दुपारी १२:३०

गोल्डफिश आत्याच्या हौदात गेले, सुखात आहेत. दोन फुटी टाकी आणली!! पाणी भरलं. उद्या एपिस्टो आणू का?

---

अण्णा_दादर | शुक्रवार, दुपारी १२:४१

नाही. सहा आठवडे.

---

स्नेहल९२ | शुक्रवार, दुपारी १२:४२

सहा???

---

अण्णा_दादर | शुक्रवार, दुपारी १:२०

चार तरी. डॉक्टरांनी वर लिहिलेले जिवाणू बाटलीत विकत मिळतात, पण त्यावर विसंबू नका, ते टाकीत वाढवावे लागतात. दही लावल्यासारखं आहे. विरजण मिळालं तर लवकर लागतं. ओळखीच्या कुणाची चालू टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरचा जुना स्पंज तुमच्या टाकीत पिळून घ्या. काळं पाणी बघून दचकू नका, तेच विरजण. रोज किंचित खाणं टाका, अमोनिया वर जाऊन शून्यावर आला, नायट्राइट वर जाऊन शून्यावर आला की मासे आणा. आणि वाळू बारीक घ्या, खडी नको. एपिस्टो तोंडात वाळू घेऊन कल्ल्यांतून गाळतात, त्यांचं ते जेवण आहे.

---

तिसरा_मजला | पुढच्या महिन्याच्या २ तारखेला, रात्री १०:५०

उशीर झाला कळवायला, क्षमस्व. सकर दुकानात परत दिला, बदल्यात जावा मॉसचा गोळा घेतला. करवंटी नवी: आईकडून सोलकढीच्या दिवशीची मागून घेतली, काथ्या खरवडला, वीस मिनिटं उकळली, आणि शेंड्याकडच्या तीन 'डोळ्यां'पैकी मऊ डोळा कानशीने मोठा केला. भोक बोटाएवढं. मादी आधी तोंड घालून, मग आडवी होऊन आत गेली. नर बाहेर वेड्यासारखा घिरट्या घालत होता. चार एकास पाणी. बदामाची पानं रेवतीताईंच्या पार्ल्याची नाहीत, पण कर्वेनगरच्या मैदानामागची.

टायमर काढून टाकीचा दिवा नऊला आणि खोलीचा दिवा साडेदहाला बंद करतो.

परवा सकाळी ती बाहेर आली. एकटी नाही. तिच्या पोटाखाली वाळूवर धुळीचा ढग हलल्यासारखं दिसलं. चष्मा लावला. पिल्लं!! मोबाईलच्या कॅमेऱ्यात फोटो काढून मोजली, चौतीस आली.

एक गोष्ट तासभर बघत बसलो. नर जरा जवळ आला की ती अंगाला एक झटका देते, पोटाखालचे काळे पर फटकन उघडते-मिटते, आणि चौतीसच्या चौतीस पिल्लं त्याच क्षणी तळाला चिकटतात. दिसेनाशी होतात. नर गेला की पुन्हा एक वेगळा, सावकाश हेलकावा, आणि ढग वर उठतो. शाळेत पीटीच्या सरांनासुद्धा एवढं जमत नव्हतं.

आता खायला काय?

---

अण्णा_दादर | त्याच रात्री ११:१५

अभिनंदन. चष्मा जपून ठेवा.

आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीच्या जातीचे बारीक जीव. कोरड्या अंड्यांची डबी मिळते. प्लॅस्टिकची बाटली उलटी टांगा, एक लिटर पाण्यात पंचवीस ग्रॅम खडे मीठ, काट्यावर मोजून. चमच्याचा हिशोब नको. पाव चमचा अंडी, एअर पंपाची नळी तळापर्यंत. आत्ताच्या उन्हाळ्यात चोवीस तासांत फुटतील. हवा बंद करून बाटलीच्या तळाशी टॉर्च लावा (हा टॉर्च चालतो). नारिंगी ठिपके उजेडाकडे खाली जमतात, रिकामी टरफलं वर तरंगतात. खालचं पाणी नळीने ओढा, जुन्या मलमलच्या फडक्यातून गाळा, गोड्या पाण्याने एकदा धुवा. दिवसातून तीनदा, थोडं थोडं. पिल्लांची पोटं नारिंगी दिसली की पोचलं.

दुकानातले ट्यूबिफेक्स (लाल बारीक किडे) नकोत, गटाराकाठचे असतात. डासांच्या अळ्या आवडतात त्यांना, पण बाल्कनीत बादली लावून पैदास करू नका. कमिटीवर आहात, डेंगीवाले तुमच्याच दारात येतील.

---

रेवती_म्युनिक | दुसऱ्या दिवशी, दुपारी २:००

किती छान लिहिलंय पिल्लांचं! टाकीचं तापमान किती आहे सध्या? विचारायचं कारण, एपिस्टोचं नर-मादी प्रकरण नुसतं जन्मतः ठरत नाही. रोमर आणि बायझेनहर्त्स या दोन जर्मन संशोधकांचं १९९६चं काम आहे, एपिस्टोच्या ३३ जातींवर. पिल्लं पहिल्या काही आठवड्यांत गरम पाण्यात वाढली तर नर जास्त, गार पाण्यात माद्या जास्त. काही जातींत पीएचचाही वाटा. आफ्रिकेतल्या क्रिबेन्सिस माशामध्ये तर पीएचचा खेळ आणखी स्पष्ट, आंबट पाण्यात नर जास्त.

---

तिसरा_मजला | दुसऱ्या दिवशी, रात्री १०:३०

हीटर तर महिनाभर बंदच आहे. दुपारी चारला ३१. पुणं आहे हे, मे महिना आहे.

---

अण्णा_दादर | दुसऱ्या दिवशी, रात्री १०:४२

झाकण काढा, जाळी लावा, कॉम्प्युटरचा छोटा पंखा पाण्यावर तिरपा मारा. माठ ज्या कारणाने गार होतो त्याच कारणाने दोन-तीन अंश उतरतील. पाणी रोज आटेल, ती भर निव्वळ आरओच्या पाण्याने करा. वाफ जाते, क्षार मागे राहतात. गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो, २० अंशाला लिटरला नऊ मिलिग्रॅम, ३०ला साडेसातच. वीज गेली तर बॅटरीचा एअर पंप हाताशी असू द्या.

---

तिसरा_मजला | जुलै, शनिवार, दुपारी ३:३०

शेवटचं कळवतो. चौतीसपैकी एकोणीस उरली. सहा-सात पहिल्या आठवड्यात, तीन एका रविवारी वीज चार तास गेली तेव्हा, बाकीची कुठे गेली ते टेट्रांना विचारावं लागेल. पंखा लावायला मला चार दिवस उशीर झाला, आणि लावल्यावरही २८-२९च्या खाली पाणी आलं नाही.

टँकर बंद झाले. खडकवासल्याचं पाणी परत आलं, मीटर ७९. डाळ तीन शिट्ट्यांत.

पिल्लं आता इंचाच्या आसपास. द्यायची आहेत, पैसे नकोत. कोथरूड-बावधनच्या आसपास कुणी असेल तर डबा घेऊन या, पिशवी मी देईन. स्नेहलताई, तुमची टाकी तयार असेल तर पहिला मान तुमचा.

---

स्नेहल९२ | शनिवार, दुपारी ३:४१

तयार!! अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, सहा आठवडे कधीच उलटले, अण्णांना सांगा. एक नर आणि तीन माद्या द्या प्लीज.

---

तिसरा_मजला | शनिवार, सायंकाळी ६:१०

आत्ता परत बसून मोजले. ज्यांच्या पाठीवरचे काटे लांबायला लागलेत ते पंधरा. दोघांचं अजून सांगता येत नाही. पोटाखालचे पर काळे होतायत अशा दोन.

रेवतीताई, तुमचे जर्मन बरोबर होते. स्नेहलताई, एक मादी तुमची. दुसरी मी ठेवतो. नर हवे तेवढे न्या.

---

खवचट_खारूताई | शनिवार, सायंकाळी ६:१४

पंधरा मुलगे, आणि स्थळं दोन. थेट आमच्या गावची परिस्थिती.

---

निलाक्ष | शनिवार, रात्री ८:०२

मला एक नर चालेल. एकटाच ठेवेन. रॅमची तीन आठवड्यांची वेगळी टाकी रिकामीच पडली आहे, आधी तिथे. उद्या अकराला येऊ का?

---

तिसरा_मजला | शनिवार, रात्री ८:०५

या. गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहा, कारणाच्या रकान्यात 'काकाकुवा' लिहिलंत तरी वॉचमन सोडेल, त्याला आता सवय झाली आहे.